गोदीतली भरती-ओहोटी

वसई तालुक्यातील भुईगावच्या किनाऱ्यावर आम्ही एकदा नववी-दहावीची मुले आणि त्यांचे दोन शिक्षक यांच्याबरोबर एक सकाळ घालवली. विषय ठरला होता भरती-ओहोटीचा. पाणी बरेच आत गेले होते आणि ओल्या वाळूत काठ्या रोवून मुले पाण्याची रेषा मोजत होती. इतक्यात क्षितिजावर मुंबईकडे निघालेले एक मालवाहू जहाज दिसले. दूर जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग आधी का दिसेनासा होतो हे सांगण्यासाठी आम्ही तिकडे बोट दाखवले, पण एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला, "सर, असं एक जहाज बांधायला किती माणसं लागतात?"

तिला उत्तर देण्याआधीच मागून एक मुलगा म्हणाला, "माझा दादा आयटीआय करून वेल्डर झाला. मुंबईच्या एका गोदीत लागलाय. पण करार तीनच वर्षांचा आहे. जहाजं तर बांधतच राहणार ना? मग तीनच वर्षं का?"

दोन्ही प्रश्नांना त्या क्षणी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. घरी आल्यावर विचार केला तेव्हा लक्षात आले, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. गंमत अशी, की मराठीत समुद्राच्या पाण्यालाही 'भरती' येते आणि नोकरांचीही 'भरती' होते. जहाजबांधणीच्या धंद्यात तर या दोन भरतींत नावापुरतेच नव्हे, बरेच खोल साम्य आहे. पाण्याची भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. गोदीतली भरती कशाच्या ओढीने येते, आणि तिच्यामागून ओहोटी का येते, हे या लेखात पाहू.

होडी आणि तिचा सुतार

आधी आपल्या जवळची गोष्ट घेऊ. वसईच्या किनाऱ्यावर पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथे कोळी बांधवांच्या मोठ्या वस्त्या आहेत. मासेमारीची लाकडी होडी बांधणारा मुख्य सुतार आणि त्याचे चार-पाच साथीदार मिळून काही महिन्यांत होडी पुरी करतात. आराखडा बहुतेक वेळा कागदावर नसतो, तो सुताराच्या डोक्यात आणि हातात असतो. कणा बसवणे, फासळ्या उभ्या करणे, फळ्या वाकवून ठोकणे, फटींत कापूस व राळ ठासणे ही सारी कामे तीच माणसे एकामागून एक करतात. त्यामुळे पहिल्या दिवशी जितके हात लागतात, जवळजवळ तितकेच शेवटच्या दिवशीही लागतात.

ही विद्या या भागाला नवी नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्या काळात वसई घडीव दगडासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. आतल्या जंगलांतील सागवान जवळच मिळत होते. वसई मराठ्यांकडे येण्याच्या तीनच वर्षे आधी, १७३६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईत आणले. ते काही सुतारांना बरोबर घेऊन आले. आजच्या भाषेत बोलायचे तर मुंबईच्या जहाजबांधणीतील ही पहिली मोठी नोकरभरती. पुढे वाडिया घराण्यातील माणसे सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीत मुख्य बांधणीकार होती. त्यांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवू. वाडियांचे कौशल्य बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले. ते टिकले, कारण गोदीत काम सतत होते. एक जहाज पाण्यात गेले, की दुसऱ्याचा कणा रचला जाई. हात रिकामे राहत नव्हते.

पोलादी जहाजाची पंगत

आता आजच्या जहाजाकडे येऊ. उदाहरण म्हणून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'सुरत' ही विनाशिका घ्या. लांबी १६३ मीटर, म्हणजे दीड फुटबॉल मैदानाएवढी. तिचा सांगाडा अनेक मोठ्या ठोकळ्यांच्या रूपाने तयार झाला. या ठोकळ्यांना 'ब्लॉक' म्हणतात. सुरतचे ब्लॉक दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून शेवटी माझगावला एकत्र जोडले गेले. १७ मे २०२२ रोजी तिचे जलावतरण झाले, पण नौदलात ती दाखल झाली १५ जानेवारी २०२५ रोजी. पाण्यात उतरल्यानंतरही दोन वर्षे आठ महिने काम चाललेच होते!

हे कसले काम? एखाद्या लग्नाच्या पंगतीची आठवण करा. आधी आचारी येतात, मग पाने मांडणारे, मग वाढपी, शेवटी भांडी घासणारे. सगळे एकाच वेळी आले तर गोंधळ होईल, आणि आचाऱ्याला वाढपी म्हणून उभे केले तरी पंगत नीट उठणार नाही. जहाजाचेही तसेच. सुरुवातीला आराखडे काढणारे अभियंते आणि ड्राफ्ट्समन यांचे काम असते. मग पोलादाचे पत्रे कापणारे, पत्रे आकारात बसवणारे स्ट्रक्चरल फिटर आणि त्यांना जोडणारे वेल्डर येतात. जोडलेले भाग क्रेनने उचलून जागेवर नेणारे रिगर वेगळे. सांगाडा उभा राहिला, की पाइप फिटर येतात, कारण एका युद्धनौकेत पाणी, इंधन, हवा आणि तेल यांच्या नळ्यांचे जाळे अनेक किलोमीटर लांबीचे असते. त्यांच्या पाठोपाठ इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन यंत्रणा बसवणारे, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, सुतार आणि रंगारी. अखेरीस यंत्रे चालवून पाहणारे आणि समुद्रातील चाचण्या घेणारे.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. "किती माणसे?" या प्रश्नाला "कोणत्या महिन्यात, आणि कोणत्या कामाची?" असा उलट प्रश्न विचारावा लागतो.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित

हे फळ्यावर मांडले म्हणजे मुलांना पटकन समजते. खालचे आकडे आम्ही सोयीसाठी गृहीत धरले आहेत, ते कोणत्याही खऱ्या जहाजाचे नाहीत.

समजा, एका जहाजाला १० लाख मनुष्यतास लागतात. एका माणसाने एक तास केलेले काम म्हणजे एक मनुष्यतास. दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर एक कामगार वर्षाला २००० तास देतो. म्हणजे जहाजाला एकूण ५०० मनुष्यवर्षे लागतील. जहाज पाच वर्षांत बांधायचे असेल तर सरासरी १०० माणसे पुरतील. कागदावर तरी हे सोपे दिसते.

पण काम सारखे वाटलेले नसते. समजा, पहिल्या वर्षी १० टक्के काम होते, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी २५ आणि पाचव्या वर्षी १० टक्के. मग दरवर्षी लागणारी माणसे अशी होतील : ५०, १००, १७५, १२५, ५०. आलेखकागदावर हे बिंदू मांडून जोडा. मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार दिसेल. हीच गोदीतली भरती-ओहोटी. गोदीने तिसऱ्या वर्षी १७५ माणसे कायमची नेमली तर पाचव्या वर्षी त्यातल्या १२५ जणांना काम नसेल.

आता गणित थोडे बदलू. गोदीला दरवर्षी एक याप्रमाणे जहाजांची मागणी मिळते आहे असे समजा. पहिल्या वर्षी ५० माणसे लागतील. दुसऱ्या वर्षी पहिल्या जहाजावर १०० आणि दुसऱ्यावर ५०, मिळून १५०. तिसऱ्या वर्षी ३२५, चौथ्या वर्षी ४५०, पाचव्या वर्षी ५००. आणि सहाव्या वर्षी? पहिले जहाज निघून गेले, पण नवे आले. पुन्हा ५००. सातव्या वर्षीही ५००. उंचवटा नाहीसा होऊन आलेख सपाट झाला! एक जहाज पुरे करून वेल्डर मोकळा होतो, तेव्हा शेजारच्या जहाजाचे पत्रे त्याची वाट पाहत असतात.

मुलांना विचारावे, "या दोन आलेखांत फरक कशामुळे पडला?" कामगार तेच, जहाज तेच, गोदीही तीच. फरक पडला मागणीच्या नियमितपणामुळे. सुतारवाडीतल्या होडीला ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे काम लहान असते आणि तेच हात सारे काम करतात. जहाज जितके मोठे आणि कामे जितकी विभागलेली, तितका हा चढउतार तीव्र.

मग माणसे वाढवून वेळ का वाचत नाही?

हुशार विद्यार्थी इथे विचारील, "पाच वर्षांऐवजी दुप्पट माणसे लावून अडीच वर्षांत जहाज का बांधू नये?" याची दोन कारणे आहेत. पहिले जागेचे. इंजिनाच्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसे मावतात. एक विहीर खणायला दहा माणसे दहा दिवस लागत असतील, तर शंभर माणसे एका दिवसात ती खणू शकत नाहीत. त्यांना आत उभे राहायलाच जागा नसते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते कौशल्याचे. यासाठी वेल्डिंगकडेच पाहू. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळते. वेल्डिंगच्या ठिणगीचे तापमान याच्या कितीतरी पट असते. पत्र्याच्या कडा वितळतात, एकजीव होतात आणि थंड होताना आकसतात. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंशांनी तापले तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते आणि थंड होताना तितकेच आकसते. हे आकुंचन एका बाजूने ओढत राहिले तर सपाट पत्रा पापडासारखा वाकडा होतो. म्हणून अनुभवी वेल्डर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जात नाही. थोडे इकडे, थोडे तिकडे असा क्रम ठेवून तो ताण वाटून देतो.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. मुंबईच्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या कांड्यांवर दमट हवेतील ओल बसते. ठिणगीच्या उष्णतेने त्या पाण्यातील हायड्रोजन मोकळा होऊन वितळलेल्या पोलादात शिरतो, आणि सांधा थंड झाल्यावर काही तासांनी तिथे बारीक भेग पडू शकते. वरून सांधा छान दिसतो! म्हणून कांड्या भट्टीत तापवून कोरड्या ठेवाव्या लागतात. शिवाय टेबलावर ठेवलेला पत्रा जोडणे वेगळे, उभा जोडणे वेगळे आणि डोक्यावर, छताला असलेला सांधा भरणे सर्वांत अवघड, कारण वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. प्रत्येक प्रकारासाठी वेल्डरची परीक्षा होते आणि त्याला वेगळे प्रमाणपत्र मिळते. सांध्यांची तपासणी क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी होते.

असा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि नवख्याला तयार करण्यासाठी एका जाणत्याचा वेळ द्यावा लागतो. शंभर जाणत्यांच्या गोदीत एकदम शंभर नवखे घेतले तर काही काळ काम वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता जास्त.

शिकण्याचा वेग

तरीही इतिहासात एकदा फार मोठी आणि फार वेगवान भरती झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' नावाची एकाच नमुन्याची २७१० मालवाहू जहाजे बांधली. पहिल्या 'पॅट्रिक हेन्री' या जहाजाला १९४१ मध्ये २४४ दिवस लागले. पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. समुद्र न पाहिलेली हजारो माणसे, त्यात अनेक स्त्रियाही, वेल्डर झाल्या. हे कसे जमले? काम लहान लहान तुकड्यांत विभागले होते. प्रत्येकाला एकच प्रकारचा सांधा शिकवला जाई आणि तोच तो शेकडो वेळा करी. मुख्य म्हणजे जहाज बदलत नव्हते.

याच नियमाचे गणित टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या बाबतीत मांडले होते. एकूण बांधलेल्या नगांची संख्या दुप्पट झाली, की एका नगाला लागणारे श्रम ठरावीक टक्क्यांनी घटतात. समजा, दर दुपटीला श्रम ८५ टक्क्यांवर येतात. पहिल्या जहाजाला १०० एकक श्रम लागले तर दुसऱ्याला ८५, तिसऱ्याला सुमारे ७७ आणि चौथ्याला ७२. चार जहाजांचे मिळून ३३४ झाले. चार वेगवेगळ्या नमुन्यांची जहाजे एकेकटी बांधली असती तर ४०० लागले असते. साठ-सत्तर एककांची ही बचत यंत्रांतून आलेली नाही, ती माणसांच्या हातांत आणि डोक्यांत साठलेली आहे.

लिबर्टी जहाजांच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. त्यातील काही जहाजांना थंड समुद्रात अचानक मोठाल्या भेगा पडल्या, काहींचे तर दोन तुकडे झाले. संशय अर्थातच घाईने भरलेल्या नवख्या वेल्डरांवर आला. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की त्या काळचे पोलादच कमी तापमानाला काचेसारखे ठिसूळ होत होते. शिवाय झाकणांच्या चौकोनी कोपऱ्यांत ताण एकवटत होता. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला थांबे, सलग वेल्ड केलेल्या जहाजात ती पुढे धावत जाई. चूक काही सगळी कामगारांची नव्हती. काम बिघडले, की सर्वांत शेवटी आलेल्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे असते. विज्ञान मात्र तिथे थांबत नाही, हे वर्गात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

विसरण्याची किंमत

शिकलेले हात रिकामे राहिले तर काय होते? याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको, ते माझगावलाच आहे.

भारताने १९८१ मध्ये जर्मनीच्या एका कंपनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन पाणबुड्या जर्मनीत बांधल्या गेल्या आणि दोन माझगावला. माझगावची 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. मुंबईच्या गोदीत पाणबुडी बांधली गेली ही लहान गोष्ट नव्हती. खोली दर १० मीटरने वाढली, की पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. ३०० मीटर खोलीवर पाणबुडीच्या कवचाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३० किलो भार पडतो. वहीचे एक पान साधारण ६०० चौरस सेंटिमीटरचे असते. तेवढ्या जागेवर १८ टन! अशा कवचातला एक कच्चा सांधाही चालत नाही. त्यासाठी माणसे खास तयार केली गेली होती.

पण मालिका तिथेच थांबली. पुढच्या पाणबुड्यांचा करार झाला २००५ मध्ये, म्हणजे 'शंकुल'नंतर अकरा वर्षांनी. मधल्या काळात पाणबुडीचे कवच जोडणाऱ्या हातांना त्या प्रकारचे काम उरले नव्हते. काही निवृत्त झाले, काही दुसऱ्या कामावर गेले, काही गोदी सोडून गेले. नव्या मालिकेसाठी शिकवणीला जवळजवळ मुळापासून सुरुवात करावी लागली. पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. विलंबाची इतरही कारणे होती, पण तुटलेली कौशल्याची साखळी हे त्यातले एक. त्यानंतर मात्र साखळी जुळली. खांदेरी, करंज, वेला, वागीर अशा पाणबुड्या एकामागून एक आल्या आणि सहावी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. मालिका संपली, की तोच प्रश्न पुन्हा दाराशी येतो. पुढचे काम वेळेत आले नाही, तर हे हात पुन्हा पांगतील.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण कोरिया जहाजबांधणीत जगातील आघाडीचा देश. तेथे २०१४ च्या सुमारास या उद्योगात दोन लाखांच्या आसपास माणसे होती. मंदीनंतर सात-आठ वर्षांत ती निम्म्याहून कमी झाली. मग मागणी परत आली, पण गेलेले वेल्डर परत आले नाहीत. शेवटी बाहेरच्या देशांतून माणसे आणावी लागली. गोदीची भिंत, क्रेन, धक्का हे सारे ओहोटीत जागेवर राहते. वाहून जातो तो माणूस, आणि त्याच्याबरोबर त्याचे कौशल्य.

भरती कोणत्या वाटांनी होते

आता त्या मुलाच्या दादाकडे वळू. गोदीत माणसे साधारण चार वाटांनी येतात. पहिली वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या कारखान्यांना असे उमेदवार घ्यावे लागतात. माझगाव गोदीची स्वतःची प्रशिक्षण शाळा आहे. तिच्या जाहिरातींत आठवी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण आणि आयटीआय उत्तीर्ण असे वेगवेगळे गट असतात. वयाच्या मर्यादा कडक असतात आणि विद्यावेतन मिळते. मुंबईच्या नौदल गोदीतही अशी उमेदवारी करता येते. मात्र उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे पालकांना आधीच सांगावे.

दुसरी वाट ठरावीक मुदतीच्या कराराची. फिटर, वेल्डर, रिगर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी अलीकडे तीन वर्षांचे करार होतात. पुढे काम असेल तर एकेक वर्षाची वाढ मिळू शकते. तिसरी वाट कंत्राटदारामार्फत. चौथी कायम नोकरीची, आणि ती सर्वांत अरुंद.

आपला आलेख पुन्हा पाहा. तळाचा सपाट भाग, म्हणजे कधीच न हटणारे काम, ते कायम माणसांचे. मधला उंचवटा करारावरच्या आणि कंत्राटी माणसांचा. "तीनच वर्षं का?" याचे उत्तर त्या उंचवट्याच्या रुंदीत आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे गणित चोख आहे. पण त्यात एक खर्च धरलेला नसतो. हात तयार व्हायला लागणारी वर्षे आणि कराराची वर्षे यांत फारसे अंतर नाही. माणूस पुरता तयार होतो तेव्हाच त्याची मुदत संपत आलेली असते. चढउताराची सारी जोखीम ज्याच्या पाठीशी सर्वांत कमी बळ आहे त्याच्याच खांद्यावर पडते, आणि नुकसान शेवटी गोदीचेही होते.

पुढची लाट

सध्या वारे भरतीचे आहेत. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक जहाजबांधणी चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तीन देशांत होते. भारताचा वाटा एक टक्काही नाही. तो वाढवण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जहाजबांधणीसाठीचे अर्थसाहाय्य त्यात २०३६ पर्यंत वाढवले आहे. यातून सुमारे ३० लाख रोजगार निर्माण होतील असा सरकारचा अंदाज आहे. अंदाज तो अंदाजच. तो खरा ठरेल की नाही हे रकमेच्या मोठेपणापेक्षा दोन गोष्टींवर ठरेल : मागणी सलग येते का, आणि शिकवणारे हात पुरेसे आहेत का.

आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्याची कारणे स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. इथे एवढेच, की बंदर आणि जहाजबांधणीची गोदी या वेगळ्या गोष्टी. बंदरात माल चढतो-उतरतो, गोदीत जहाज जन्माला येते. दोन्हींतली कामे आणि त्यांसाठी लागणारे शिक्षण निराळे. भरतीच्या बातम्या वाचताना मुले हे दोन्ही एकच समजतात, तो घोटाळा शिक्षकांनी दूर करावा.

मग भुईगावच्या मुलांना काय सांगावे? आम्हांला तीन गोष्टी सुचतात. एक, हातात असे कौशल्य घ्यावे जे एका गोदीपुरते नसेल. प्रमाणपत्र असलेला वेल्डर किंवा पाइप फिटर वसई पूर्वेच्या कारखान्यांतही उपयोगी पडतो आणि रिफायनरीतही. दोन, प्रमाणपत्र जिवंत ठेवावे. काही महिने काम केले नाही तर ते पुन्हा परीक्षा देऊन मिळवावे लागते, म्हणून केलेल्या कामाची नोंद जपावी. तीन, दहावीचे गणित आणि भूमिती सोडू नये. आराखडा वाचता येणारा कामगार आणि न येणारा कामगार यांच्या वाटा पहिल्या पाच वर्षांतच वेगळ्या होतात.

पुढे एकदा तो मुलगा भेटला. दादा पहाटेची लोकल पकडून, गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरतो, असे तो सांगत होता. आता त्याला छताकडचे सांधे देऊ लागले आहेत. आम्ही मुलाला तो आलेख काढून दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि उंचवट्याच्या उतरत्या बाजूवर बोट ठेवून विचारले, "म्हणजे दादा इथे आहे?"

"हो," आम्ही म्हणालो, "पण दुसरं जहाज वेळेवर आलं, तर इथे उतार राहतच नाही."

पाण्याची भरती कधी येणार हे पंचांगात पाहून सांगता येते, कारण चंद्र आपल्या हातात नसला तरी नियमाने चालतो. गोदीतल्या भरतीचा चंद्र माणसांनी केलेला आहे. तो नियमाने चालवणे अवघड असेल, पण अशक्य नाही.